वॉरंटीचे कार्ड आणि जळालेली मोटार

वाचकहो, पेरणीच्या तोंडावर यंत्र बंद पडले म्हणजे काय होते हे शेतकऱ्याला सांगायला नको. आभाळ भरून आलेले असते, वाफसा येण्याची वाट पाहायची असते आणि नेमका त्याच दिवशी मोटारीतून जळका वास येतो. यंत्र जुने असेल तर माणूस नशिबाला बोल लावतो. पण यंत्र नवे असेल, वर्षाची वॉरंटी असेल, तर आपण निश्चिंत असतो की कंपनी आहे ना, ती बघून घेईल! कंपनी खरोखर बघते का, केव्हा बघते आणि तिने बघावे म्हणून आपण काय करायचे असते, हे मला तीन अनुभवांनी शिकवले. त्यातला पहिला अनुभव फसल्याचा, दुसरा आपलीच चूक कळल्याचा आणि तिसरा न्याय मिळाल्याचा आहे. तिन्ही इथे सांगतो. आपणांपैकी पुष्कळांच्या घरी आता वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, कंप्रेसर किंवा पिठाची चक्की आहे. त्यांना याचा उपयोग व्हावा.

यंत्रांचे शहर

आमचे गाव बडोद्यापासून एस.टी.ने तासाभरावर. शेती कापसाची आणि तुरीची. गावात माझी पत्र्याची एक लहानशी शेड आहे. नांगराचा फाळ, पेरणीयंत्राचे फण, रोटाव्हेटरची पाती, ट्रॅक्टरच्या चाकातली हवा ही कामे तिथे होतात. शेतीला तेवढाच जोडधंदा.

बडोदे हे कारागिरीचे शहर म्हणून आपल्या लोकांना जुने ठाऊक आहे. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९० साली इथे कलाभवन काढले. हाताने काम करणाऱ्याला शास्त्र शिकवायचे हा त्यामागचा हेतू होता, आणि त्रिभुवनदास गज्जर हे त्याचे पहिले प्रमुख होते. पुढे चित्रपटांचे जनक ठरलेले दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. १९४९ साली महाराज सयाजीराव विद्यापीठ झाले, आणि आजचे तेथील तंत्रशास्त्र व अभियांत्रिकीचे महाविद्यालय हे त्याच कलाभवनाचे मोठे झालेले रूप. १९४३ साली याच शहरात पंप आणि विजेची यंत्रे बनवणारी ज्योती कंपनी उभी राहिली. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आज असंख्य लहानमोठे कारखाने आहेत.

शहरात एवढी विद्या असल्यामुळे पूर्वी यंत्र बिघडले की ते खांद्यावर टाकून शहरात न्यायचे, ओळखीच्या कारागिराने ते समोर खोलायचे, दोष दाखवायचा आणि संध्याकाळी यंत्र परत, असा रिवाज होता. आता यंत्र कुठल्या तरी दूरच्या राज्यात बनते, दुकानदार ते फक्त विकतो, आणि दुरुस्तीचा माणूस तिसऱ्याच कंपनीचा असतो. कारागिराच्या ओळखीची जागा आता कागदाने घेतली आहे. हा बदल आपण ओळखला नाही, तर फसणार आपणच.

पहिला अनुभव : खोललेले झाकण

काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतर मी एक कंप्रेसर घेतला. हवेची टाकी, पंप आणि त्याला पट्ट्याने जोडलेली तीन हॉर्सपॉवरची थ्री-फेज मोटार. कंपनी परगावची. दुकानदाराने बिल दिले, पेढा दिला आणि म्हणाला, "भाई, एक वर्ष बेफिकीर राहा." वॉरंटीचे कार्ड खोक्यात होते. त्यावर दुकानाचा शिक्का मारून घ्यायचा असतो, हे मला ठाऊक नव्हते आणि त्यानेही सांगितले नाही. खोके आमच्या घरी कोंबड्यांच्या पिलांना उपयोगी पडले. कार्ड कुठे गेले कोण जाणे!

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, शेडमध्ये दहा-बारा जणांची कामे पडलेली असताना, मोटार घुमली, वास आला आणि ती थांबली. मी दुकानदाराला फोन केला. "दोन दिवसांत माणूस येईल," तो म्हणाला. दोनाचे चार झाले, चाराचे सात. रोज फोन, रोज तेच उत्तर. तक्रारीचा नंबर मी मागितला नाही आणि त्याने दिला नाही.

आठव्या दिवशी माझा धीर सुटला. गावातल्या वायरमनला मी म्हटले, "निदान बघून तरी घे." त्याने चार बोल्ट काढले, झाकण उघडले, नाक लावले आणि सांगितले, "वाइंडिंग गेले." एवढेच काम त्याने केले. पण दहाव्या दिवशी कंपनीचा माणूस आला तो बोल्टवरचा ओरखडा पाहून म्हणाला, "हे बाहेरच्याने खोलले आहे. वॉरंटी संपली." मी पुष्कळ बोललो. तो तरुण मुलगा होता, वाईट नव्हता. तो म्हणाला, "काका, मी लिहिले नाही तर माझ्या पगारातून कापतील. तुम्ही तक्रार केव्हा केली ते तरी दाखवा." माझ्यापाशी दाखवायला काही नव्हते.

रिवाइंडिंगला साडेतीन हजार रुपये गेले. त्याहून वाईट वाटले ते परत गेलेल्या गिऱ्हाइकांचे. त्यांतल्या दोघांची पेरणी त्या वर्षी मागे पडली.

चूक कोणाची? दुकानदाराने खोटा वायदा केला ही त्याची चूक. कंपनीने दहा दिवस लावले ही कंपनीची. पण कार्ड हरवणे, तोंडी तक्रार करणे आणि झाकण उघडू देणे या तीन चुका माझ्या होत्या. त्यांची किंमतही मीच भरली.

वॉरंटी म्हणजे मेहेरबानी नव्हे

आपल्याकडे गॅरंटी आणि वॉरंटी हे शब्द एकाच अर्थाने बोलले जातात. व्यवहारात गॅरंटी म्हणजे वस्तू बदलून देण्याचा शब्द, तर वॉरंटी म्हणजे दोष निघाल्यास ठरल्या मुदतीत दुरुस्त करून देण्याचा शब्द, असे लोक समजतात. पण नावावर जाऊ नये. कार्डावर काय छापले आहे ते वाचावे. कुठले भाग वॉरंटीत येतात आणि कुठले येत नाहीत, ने-आण करण्याचा खर्च कोणाचा, यंत्र कोणी खोलायचे, हे सारे तिथे असते. साधारणपणे पट्टा, कार्बन ब्रश, ग्राइंडरची चकती असे झिजणारे भाग वॉरंटीत धरत नाहीत.

दुसरी गोष्ट. कार्ड हा काही कंपनीने आपल्यावर केलेला उपकार नव्हे. वस्तूची किंमत देताना आपण या शब्दाचीही किंमत मोजलेली असते. शिवाय कार्ड नसले म्हणजे कायदा नसतो असे नाही. आपल्या देशातला मालविक्रीचा कायदा १९३० सालचा आहे. वस्तू कशासाठी हवी हे गिऱ्हाइकाने सांगितले असेल आणि विकणाऱ्याच्या जाणतेपणावर विसंबून त्याने ती घेतली असेल, तर ती त्या कामाला योग्य असली पाहिजे, असे तो कायदा सांगतो. म्हणून यंत्र घेताना "मला ते दिवसाला इतके तास, अमुक कामासाठी चालवायचे आहे" हे दुकानदाराला स्पष्ट सांगावे. जमल्यास बिलावर लिहून घ्यावे.

दुसरा अनुभव : मोटारीने दिलेली साक्ष

दोन वर्षांनी मी उभे ड्रिलिंग मशीन घेतले. या वेळी कार्डावर शिक्का, तारीख आणि मशीनचा नंबर घेतला. बिल जी.एस.टी.चे, पक्के. मोटार पुन्हा जळली, तीही जूनमध्येच. मी झाकणाला हात लावू दिला नाही. त्याच दिवशी कंपनीच्या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा नंबर घेतला आणि दुकानदाराला रजिस्टर पोस्टाने पत्र धाडले. पाचव्या दिवशी माणूस हजर!

हा मेकॅनिक वयस्क होता. त्याने माझ्यासमोर मोटार खोलली आणि म्हणाला, "भाऊ, जवळ या. मोटार स्वतःच सांगते ती कशाने मेली." मग त्याने जे दाखवले ते प्रत्येक शेतकऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आपल्या विहिरीवरच्या मोटारीलाही ते तसेच लागू आहे.

थ्री-फेज मोटारीत तारांच्या गुंडाळ्यांचे तीन संच असतात. सगळ्याच गुंडाळ्या सारख्या काळ्या पडल्या असतील, तर मोटारीवर ताकदीबाहेर बोजा पडला, किंवा व्होल्टेज फार उतरलेले असताना ती ओढत राहिली, असे समजावे. काही गुंडाळ्या काळ्या आणि काही कोऱ्या करकरीत असतील, तर एक फेज गेलेला असताना मोटार चालत राहिली. स्टार जोडणीच्या मोटारीत अशा वेळी दोन संच जळतात आणि एक चांगला राहतो. डेल्टा जोडणीत एकच संच जळतो. पण बाकी सारे स्वच्छ आणि एकाच ठिकाणी काळा डाग, तार वितळलेली, असे दिसले तर त्या जागी तारेवरचा लेप मुळात कच्चा असल्याचा संशय घ्यावा. हा दोष बनावटीचा असू शकतो.

माझ्या मोटारीत दोन संच काळे होते आणि तिसरा नवा होता तसाच. म्हणजे फेज गेला होता. मेकॅनिकने मेन स्विच उघडून पाहिला. एका फ्यूजची तार वितळली होती. पहिल्या वादळी पावसात असे हटकून होते. एक फेज गेला की बंद असलेली मोटार सुरू होत नाही, नुसती घुमते. पण चालू असलेली मोटार थांबत नाही, तेच काम उरलेल्या दोन फेजवर ओढत राहते. मग त्या दोन तारांतला प्रवाह सुमारे पावणेदोन पट होतो आणि काही मिनिटांत लेप जळतो.

"ही कंपनीची चूक नाही," तो म्हणाला, आणि मला ते मान्य करावे लागले. त्याने सारे कागदावर लिहिले, मी सही केली आणि पैसे भरले. त्या वेळी मला राग आला नाही. कारण दोष माझ्या डोळ्यांना दिसला होता. पहिल्या खेपेला मला कोणी काही दाखवलेच नव्हते. ती मोटार कशाने जळली, हे मला आजही सांगता येत नाही.

जाताना त्याने दोन सल्ले दिले. एक, स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले बरोबर आकड्यावर लावून घ्यावा आणि सोबत फेज गेला की मोटार तोडणारे उपकरण बसवावे. मोटारीच्या किमतीपुढे त्याचा खर्च थोडा आहे. दुसरा, व्होल्टेज पाहिल्याशिवाय मोटार चालू करू नये. व्होल्टेज शेकडा १० ने उतरले की मोटारीचा चालू होण्याचा जोर शेकडा १९ ने घटतो, कारण हा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे कमी-जास्त होतो. वीज कमी असताना पुन्हा पुन्हा बटण दाबणे म्हणजे मोटारीला उपाशीपोटी ओझे उचलायला लावणे होय.

वाट पाहण्याचे दिवस धोक्याचे

आता थोडे आरोग्याविषयी. यंत्र बंद पडल्यापासून दुरुस्तीचा माणूस येईपर्यंतचे दिवस हे अपघाताचे दिवस असतात. काम अडलेले असते, लोक दारात उभे असतात, आणि मग आपण जुगाड करतो. रिले वारंवार तोडतो म्हणून तो काढून सरळ जोडणी करतो, फ्यूजमध्ये जाड तार घालतो, ग्राइंडरचे गार्ड अडते म्हणून काढून ठेवतो.

कंप्रेसर बंद असताना मी एक जुनी मोटार अशीच सरळ जोडली होती. तिचा अर्थिंगचा धागा तुटलेला होता. पावसाने जमीन ओली होती. माझ्या हाताखालच्या पोराने टाकीला हात लावला आणि तो फेकला गेला. फेकला गेला म्हणून वाचला. चिकटला असता तर? त्या रात्री मला झोप आली नाही. साडेतीन हजारांचे दुःख मी त्या रात्रीच विसरलो.

म्हणून यंत्राच्या अंगाला अर्थिंग पाहिजेच. शेडच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवून घ्यावा. वीज भलत्या वाटेने, म्हणजे माणसाच्या अंगातून जमिनीत जाऊ लागली, की तो क्षणात पुरवठा तोडतो. कोणाला शॉक लागला तर त्याला हाताने ओढू नये. आधी मेन स्विच बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला बाजूला करावे. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबून श्वास देण्याचा उपचार सुरू करावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तो उठून बसला, "मला काही झाले नाही" म्हणाला, तरी डॉक्टरांना दाखवावे.

बिघडलेले यंत्र दुरुस्त होईपर्यंत बंद ठेवण्याचा कंटाळा करू नये. पेरणी आठ दिवस उशिरा करता येते, गेलेला हात परत येत नाही.

तिसरा अनुभव : चक्कीवाल्या मावशी

आमच्याच धर्मग्रामातल्या एक मावशी पिठाची चक्की चालवतात. यजमान वारल्यावर त्यांनी कर्ज काढून ती घेतली. चक्की त्या स्वतः चालवतात. सून मदतीला असते. त्याच चक्कीवर घर चालते.

चक्कीची मोटार वर्षभरात तीनदा जळली. दोनदा कंपनीच्या वर्कशॉपने रिवाइंडिंग करून दिले, तिसऱ्यांदा टाळाटाळ सुरू झाली. मावशींनी मला बोलावले. पाहतो तो त्यांनी दोन्ही वेळची जॉब कार्डे पिशवीत नीट ठेवलेली! तिसऱ्यांदा मोटार खोलली तेव्हा सुनेने मोबाइलवर फोटो काढले होते. गुंडाळ्या सगळ्या स्वच्छ आणि एकाच जागी काळा डाग. मी दुसऱ्या अनुभवातून शिकलो होतो, म्हणून मला तो लगेच ओळखू आला.

कंपनीला पत्र लिहिले. उत्तर आले की चक्की धंद्यासाठी घेतली आहे, म्हणून आपण ग्राहक ठरत नाही, ग्राहक न्यायालयात आपली तक्रार चालणार नाही. मावशी घाबरल्या. "आपण गरीब माणसे, कायद्याला कुठे पुरणार?" म्हणाल्या.

वाचकहो, हे उत्तर पुष्कळांना मिळते, आणि पुष्कळजण तिथेच थांबतात. म्हणून याबाबत कायदा काय सांगतो ते नीट समजून घेऊ.

आपल्याकडे ग्राहकांची चळवळ जुनी आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. गुजरातेत १९७८ साली मनुभाई शहा यांनी अहमदाबादेस ग्राहकांच्या शिक्षणाचे आणि संशोधनाचे केंद्र काढले. पुढे १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्यात व्यापारी हेतूने माल घेणारा ग्राहक नव्हे, असे कलम होते. मग स्वतःच्या पोटासाठी यंत्र चालवणाऱ्याचे काय? १९९३ साली कायद्यात खुलासा घातला गेला की, स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठीच घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू ही व्यापारी हेतूची धरायची नाही.

याचा अर्थ सुप्रीम कोर्टाने ४ एप्रिल १९९५ रोजी उलगडून दाखवला. तो खटला एका वर्कशॉपच्या यंत्राचाच होता. महाराष्ट्रातल्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या लघुउद्योगाने पी.एस.जी. इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूटकडून १९९० साली संगणकावर चालणारे लेथसारखे मोठे यंत्र मागवले. यंत्र उशिरा आले आणि सदोष आले, अशी त्यांची तक्रार होती. राज्य आयोगाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, राष्ट्रीय आयोगाने तो फिरवला. यंत्राचा व्याप आणि किंमत पाहता खरेदी व्यापारी हेतूची होती, असे सुप्रीम कोर्टानेही ठरवले. लक्ष्मी इंजिनिअरिंगचे अपील फेटाळले गेले, मात्र दिवाणी दावा लावण्याची वाट त्यांना मोकळी राहिली.

परंतु त्याच निकालात कोर्टाने लहान माणसासाठी दार उघडे ठेवले. जो लेथ किंवा दुसरे यंत्र स्वतः चालवून पोट भरण्यासाठी घेतो, तो ग्राहकच. स्वतः चालवण्यासाठी रिक्षा घेणाराही ग्राहक. मदतीला एक-दोन माणसे घेतली म्हणून तो ग्राहक राहत नाही असे नाही. २०१९ साली नवा ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि २० जुलै २०२० पासून तो लागू झाला. त्यातही स्वयंरोजगाराचा हा खुलासा कायम आहे. शेतकऱ्याच्या बाबतीत तर २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवून टाकले की, बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे.

हे सारे आम्ही साध्या मराठीत मांडले, एका शिक्षकांकडून त्याचे इंग्रजी करून घेतले आणि दुकानदार व कंपनी या दोघांनाही नोटीस धाडली. "चक्की मी स्वतः चालवते. सून मदत करते. दुसरे उत्पन्न नाही. तीन वेळा एकाच तऱ्हेने मोटार जळली. जॉब कार्डे व फोटो सोबत जोडले आहेत. पंधरा दिवसांत मोटार बदलून न मिळाल्यास जिल्हा आयोगाकडे जाईन." एवढाच मजकूर. एकही कठोर शब्द नाही.

तेराव्या दिवशी नवी मोटार आली. आयोगाची पायरी चढावीच लागली नाही. मोटार बसवायला आलेल्या माणसाला मावशींनी जेवायला घातले. मी काही बोललो नाही, पण कंप्रेसरच्या वेळी मी त्या तरुण मेकॅनिकला काय काय बोललो होतो ते आठवून मला लाज वाटली.

काय करावे

वरील अनुभवांवरून काही गोष्टी क्रमाने लिहितो. हे पान कापून शेडमध्ये लावून ठेवले तरी चालेल.

१. यंत्र घेताना पक्के बिल घ्यावे. थोडा कर वाचवण्यासाठी कच्ची पावती घेऊ नये. कच्च्या पावतीवर वॉरंटी मागायला तोंड राहत नाही.

२. कार्डावर शिक्का, सही, तारीख आणि मशीनचा नंबर दुकानातच घालून घ्यावा. बिलाचा, कार्डाचा आणि मशीनवरच्या पट्टीचा फोटो काढून ठेवावा. छापील बिलाची शाई पुढे उडते.

३. दुरुस्ती कोण करणार, बडोद्यात केंद्र आहे की अहमदाबादेस यंत्र न्यावे लागेल, ने-आण कोण करील, हे आधी विचारावे. दोन यंत्रांच्या किमतीत थोडा फरक असेल, तर ज्याचे दुरुस्तीकेंद्र जवळ आहे ते घ्यावे.

४. बिघाड झाला त्याच दिवशी लेखी तक्रार करावी. फोन केला तर तक्रारीचा नंबर घ्यावा. पत्र दुकानदार आणि कंपनी दोघांनाही पाठवावे. पोच जपून ठेवावी.

५. मेकॅनिक येईपर्यंत यंत्र खोलू नये, कोणाला खोलू देऊ नये.

६. मेकॅनिक आला की समोर उभे राहावे. जळालेल्या भागाचा फोटो काढावा. जॉब कार्डावर दोषाचे कारण स्पष्ट लिहून घ्यावे. नुसते "मोटार चेक केली" एवढ्यावर सही करू नये. बदललेल्या भागाची वॉरंटी किती, तेही लिहून घ्यावे.

७. दाद मिळत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर फोन करावा. तरीही न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीच्या गावी जावे लागत नाही. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर अर्जाला फी नाही. वकील देण्याची सक्ती नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत अर्ज झाला पाहिजे.

८. आयोग दोष काढून देण्याचा, वस्तू बदलण्याचा, पैसे परत करण्याचा किंवा नुकसानभरपाईचा हुकूम करू शकतो. पण तिथेही पुरावा लागतो. प्रकरण तीन महिन्यांत, आणि वस्तू तपासणीला पाठवायची असल्यास पाच महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात पुष्कळदा त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून आधी समजुतीने मिटत असेल तर मिटवावे.

दुरुस्तीचा हक्क

शेवटी एक गोष्ट. हे दुखणे आपल्याच गावचे नाही. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनाही आपला ट्रॅक्टर आपण दुरुस्त करायची सोय राहिली नव्हती, कारण त्याची माहिती आणि साधने कंपनीच्याच हातात. तिथे कोलोरॅडो राज्याने २०२३ साली कायदा केला आणि शेतीयंत्रांची माहिती, सुटे भाग व साधने शेतकऱ्याला देणे कंपन्यांना भाग पाडले. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि तिने विचारात घेतलेल्या गोष्टींत शेतीची अवजारे आहेत.

हे सारे पुढे काय रूप घेते ते दिसेल. तोवर आपले काम आपल्या हाती आहे. मी आता शेडमध्ये खिळ्याला एक प्लॅस्टिकची पिशवी टांगली आहे. तिच्यात प्रत्येक यंत्राचे बिल, कार्ड आणि जॉब कार्ड असते. परवा एक शेजारी बंद पडलेले ग्राइंडर घेऊन आला. नवेच होते, सहा महिन्यांचे. त्याने पाना पुढे केला आणि म्हणाला, "जरा खोलून बघ ना."

मी पाना बाजूला ठेवला आणि विचारले, "बिल कुठे आहे?"